मूर्तिजापूर स्टेशनवर भेटलेले वसंतराव

मागच्या महिन्यात याच पानावर विचारलं होतं, आवडत्या गायकाशी किंवा वादकाशी जोडलेला एखादा योगायोग तुमच्या वाट्याला आलाय का, कुणी अचानक भेटलं का, आणि त्यावर काही विचारायचं असेल तर तेही लिहा. पत्रांचा गठ्ठा आला आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या डॉ. वसंतराव देशपांडेंची निघाली. मला फार आनंद झाला. त्यांचं गाण्याचं पहिलं शिक्षण आपल्याच गावात झालं, शंकरराव सप्रे गुरुजींकडे, तेव्हा नागपूरकरांना योगायोगानं भेटायचा पहिला हक्क त्यांचाच. जागा कमी आहे म्हणून पाचच पत्रं घेतली, बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई, मी एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नाला अकोल्याला चालले होते, महाराष्ट्र एक्सप्रेसनं, एकटीच. खिडकीची जागा मिळाली, कानात इयरफोन आणि वसंतरावांचं ‘कुणी जाल का सांगाल का’ लागलेलं. बडनेऱ्याच्या पुढं गाडी कुठंतरी थांबली, मी डोळे मिटून गुणगुणत होते, आवाज जरा मोठाच झाला असणार कारण समोरचे आजोबा म्हणाले, बेटा, बरोब्बर जागी म्हणून राहिली तू, बाहेर पाह्य. पाहिलं तर पिवळी पाटी, मूर्तिजापूर. म्हणाले, वसंतराव इथलेच, इथंच जन्मले. ताई मला खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं ऐकते आणि मी त्यांना पुण्याचे समजत होते. अंगावर काटा आला. मग अकोल्यापर्यंत आजोबा त्यांच्याबद्दलच बोलत होते आणि उतरायच्या घाईत मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. आई म्हणते हा संकेत आहे, गाणं शिकायला लाग. नवरा म्हणतो योगायोग आहे, सोडून दे. तुम्हाला काय वाटतं? – त्रिमूर्तीनगर

उत्तर : अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना खुर्चीतून उठलेच, कारण तुझा योगायोग तुला वाटतो त्याच्या दुप्पट आहे. आजोबांनी तुला गायकाचं सांगितलं. पण ते गाणं लिहिलंय कवी अनिलांनी, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि तेही मूर्तिजापूरचेच! अनिलांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ चा, वसंतरावांचा २ मे १९२० चा. एकाच गावात १८-१९ वर्षांच्या अंतरानं एक कवी जन्मला आणि एक गायक, दोघांचं आडनाव देशपांडे, पुढं दोघांच्याही आयुष्यात नागपूर आलं, अनिल तर १९८२ मधे गेले तेही नागपुरातच, आणि यशवंत देवांच्या चालीवर हे दोघं एका गाण्यात भेटले. तुझी गाडी ज्या गावच्या फलाटावर उभी होती त्याच गावचे शब्द आणि त्याच गावचा गळा त्या मिनिटाला तुझ्या कानात होता. आता पुन्हा काटा आला की नाही सांग.

अजून एक आहे. तू अकाउंट्सला आहेस ना, वसंतरावांनी बरीच वर्षं नोकरी केली ती मिलिटरी अकाउंट्समधे. दिवसा हिशेब आणि बाकीच्या वेळात गाणं. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं १९६७ मधे, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेनं त्यांना घराघरात नेलं ते त्या वयात.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. नवरा म्हणतो सोडून दे, तर हिशेबाच्या माणसासारखा हिशेब करून पाहू. तुझ्या फोनमधे वसंतरावांची समजा ३० गाणी आहेत, त्यात अनिलांची दोन, हे एक आणि ‘वाटेवर काटे वेचीत चाललो’. मग तू त्यांची गाणी ऐकत असताना गाडी मूर्तिजापूरला थांबली तर अनिलांचं गाणं चालू असायची शक्यता पंधरात एक. म्हणजे फार दुर्मिळ नाही, तू वर्षातून सात-आठ वेळा अकोल्याला जात असशील आणि दर वेळी त्यांचीच गाणी ऐकत असशील तर सरासरी दोन वर्षांत एकदा असं व्हावं. त्या अर्थानं त्याचं बरोबर आहे. पण समोरच्या सीटवर ते गाणं ओळखणारा, वसंतराव कुठले ते माहीत असणारा आणि अनोळखी मुलीला हाक मारून सांगावंसं वाटणारा माणूस बसलेला असणं, याचा हिशेब मला नाही मांडता येत. आणि ते आजोबा बोलले कशामुळं, तर तू मोठ्यानं गुणगुणत होतीस. तू मनातल्या मनात म्हटलं असतंस तर ते पेपर वाचत बसले असते आणि ती पाटी तुझ्या खिडकीतून तशीच मागं गेली असती. म्हणून मी याला नुसता योगायोग म्हणणार नाही, त्यातला अर्धा तू घडवलास.

आईंना सांग, गाणं शिकायचं असेल तर जरूर शिकेन, पण त्यासाठी स्टेशनची पाटी कशाला हवी. तुला शिकावंसं वाटतंय का तेवढं बघ. वाटत असेल तर या जूनपासूनच क्लास लाव, आपल्या गावात घरोघरी शिकवणारे आहेत.

आणि आजोबा, तुम्ही हे पान वाचत असाल तर आमच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा. मुलगी तुमचं नाव विचारायला विसरली आणि तिला त्याची फार हुरहूर आहे, तुमच्या ओळी आम्ही तिच्यापर्यंत पोचवू.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, घरी कुणाला क्लासिकल वगैरेचं काही नाही. रूममेटच्या लॅपटॉपवर ‘मी वसंतराव’ पिच्चर पाहिला आणि तेव्हापासून हा माणूस माझा पिच्छाच सोडून नाही राहिला. दुसऱ्या दिवशी मित्राला सोडायला सिव्हिल लाइन्सला गेलो तर समोर बोर्ड, डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. त्या बोर्डासमोरून मी दोन वर्षांपासून जाऊन राहिलो, कधी दिसलाच नव्हता! तिसऱ्या दिवशी तर्री पोहे खायला थांबलो तर ठेल्यावरच्या काकांच्या मोबाईलवर ‘घेई छंद मकरंद’. मग ऑटोत. मग यूट्यूबवर तर विचारूच नका. हे काय होऊन राहिलं? मोबाईल आपलं ऐकतो का? – हिंगणा रोड

उत्तर : अरे बाळा, घरात कुणाचं लग्न ठरलं की गावात जिकडं तिकडं मंगल कार्यालयंच दिसायला लागतात, ती काय रातोरात उभी राहतात? आधीपासून असतातच, आपल्याला त्यांच्याशी काही काम नसतं म्हणून नजर वरून निघून जाते. त्या सभागृहाचा बोर्ड दोन वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर होता, फक्त त्यावरच्या नावाचा माणूस तुझ्या ओळखीचा नव्हता, आता झाला. यूट्यूबचं तर सरळ आहे, तू एक गाणं शोधलंस की ते तसलीच दहा पुढं करतं, तो काही योगायोग नाही.

आपल्याला शक्यतांचा अंदाज घेताच येत नाही हेही आहे. तुमच्या वर्गात ६० जण असतील तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर असते, आणि नुसते २३ जण असले तरी निम्म्याहून थोडी जास्तच. गणिताच्या सरांकडून करून घे, विश्वास नाही बसणार. ओळखीचा आवाज कुठंतरी कानावर पडण्याच्या जागा दिवसातून शंभर असतात रे, त्यातल्या एकीत तो पडला की आपण तेवढीच लक्षात ठेवतो.

पण पोह्याचा ठेला वेगळा. तिथं तुझ्या मोबाईलचा काही संबंध नाही. तर्रीच्या वाफेत उभा राहून कुणीतरी सकाळी सकाळी ‘घेई छंद’ लावतो म्हणजे त्याच्यामागं काही ना काही गोष्ट असणारच आणि तू विचारलंच नाहीस! उद्या जा आणि विचार, काका, हे गाणं कुठून आवडलं तुम्हाला. आणि हेही विचार की दोन्हीतली कोणती चाल लावली होती. कारण ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात ते पद दोन गवयांच्या तोंडी दोन तऱ्हांनी येतं, एक पंडितजींच्या गायकीचं, ठाय म्हणजे संथ, शांत, आणि दुसरं खाँसाहेबांचं, द्रुत म्हणजे जलद, लखलखीत, जे वसंतराव गायचे. शब्द तेच आणि माणूस पूर्ण वेगळा. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. दोन्ही एकामागून एक ऐक, हेडफोन लावून, मग नाटकातलं भांडण नेमकं कशाचं होतं ते तुला न सांगता कळेल. आणि हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचे, इथल्या रंजन कला मंदिराचे. खाँसाहेब लिहिणारा नागपूरचा आणि ते उभे करणारा गळा नागपुरात तयार झालेला, हे मला अजूनही फार गोड वाटतं.

पिच्चरमधे तू लाहोर पाहिलं असशीलच. तरुणपणी ते तिथं मामांकडे होते, तिथं असद अली खाँसाहेबांकडून मारवा राग शिकले, आणि मारवा म्हटलं की जाणकारांना आजही वसंतराव आठवतात. तो संध्याकाळचा राग आहे, सूर्य बुडायच्या वेळचा. हॉस्टेलच्या खोलीत ट्यूबलाइट लावून ऐकू नको, फुटाळ्यावर नाहीतर अंबाझरीला जा, फोन सायलेंटवर टाक आणि पाणी काळं पडेपर्यंत ऐक. त्यांची पुण्यतिथी ३० जुलैला असते, १९८३ मधे गेले ते. त्या सुमारास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा त्यांच्या नावाचा संगीत समारोह आपल्याकडे होतो, पेपरात बातमी येते तिच्यावर लक्ष ठेव. रूममेटलाही घेऊन जा, लॅपटॉप त्याचा होता ना.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधे पैज लागली आहे. सी. रामचंद्र आणि वसंतराव यांचे गुरू एकच होते का? आमचे एक भाऊजी म्हणतात हे कुणीतरी जोडून दिलेलं आहे, एक सिनेमाचे आणि एक शास्त्रीय, कसं शक्य आहे. – महाल

उत्तर : भाऊजींनी पैज हरली. दोघांनीही नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे धडे घेतले आहेत. एकानं पुढं मुंबईत हिंदी सिनेमाला चाली दिल्या आणि १९६३ मधे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल बांधली, दुसऱ्यानं मारवा आणि नाट्यसंगीत गायलं. आणि वसंतराव काही सिनेमापासून लांब नव्हते, लहानपणीच भालजी पेंढारकरांनी त्यांना पडद्यावर कृष्ण केलं होतं, शेवटी शेवटी १९७९ च्या ‘अष्टविनायक’मधेही ते दिसतात. पैजेचं जे काही असेल ते भाऊजींकडून सावजीत वसूल करा.

प्रश्न : ताई, माझ्या आवडीचे एक गायक, नाव नाही लिहीत, बर्डीवर संत्रा बर्फीच्या दुकानात अगदी माझ्या शेजारी उभे होते. मी पंधरा वर्षांपासून त्यांना ऐकते. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, हातातली पिशवी घट्ट धरून उभी राहिले, ते पैसे देऊन गेले. त्या दिवसापासून रोज रात्री आठवतं आणि वाईट वाटतं. पुन्हा भेट झाली तर काय बोलावं? – धरमपेठ

उत्तर : तुम्ही गप्प राहिलात याचं इतकं वाईट वाटून घेऊ नका. माझा अनुभव असा की गाणाऱ्या माणसाला ‘मी तुमची फॅन आहे’ याच्या पुढं काय बोलायचं ते सुचत नाही, ते हसून नमस्कार करतात आणि तिथंच संपतं. पण तुम्ही एकच नेमकी गोष्ट सांगितलीत, म्हणजे अमक्या ठिकाणी तुम्ही अमुक बंदिश म्हटली होती, मी उजवीकडच्या कोपऱ्यात बसले होते, त्यानंतर तीन दिवस मी घरात तेच म्हणत होते, तर त्यांचा चेहरा बदलतो, खरंच बदलतो, मी पाहिलेलं आहे. दोन वाक्यं पुरेत. ते घरच्यांसोबत असतील, काही खात असतील तर सेल्फी मागू नका. कार्यक्रमाच्या आधी भेटले तर नुसता नमस्कार करा, गळा राखून ठेवायचा असतो त्यांना, बोलायचं ते कार्यक्रम झाल्यावर. आणि आत्ता तुम्हाला सुचलेलं ते सगळं पत्रात लिहून आयोजकांच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या भेटीची वाट कशाला बघायची. बर्फीच्या दुकानाचा उल्लेख नक्की करा.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा रिटायर्ड माणूस. जुनी पुस्तकं चाळायला म्हणून एका रद्दीच्या दुकानात गेलो होतो, तिथं एका खोक्यात कॅसेटी होत्या. एक उचलली, कव्हरवर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘वसंतराव – नाट्यगीतं. अण्णाला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये.’ ताई, अण्णा म्हणजे मी, आणि अक्षर माझ्या मोठ्या बहिणीचं. आकाशवाणीवरून तिनं स्वतः भरून घेतली होती. ८६ की ८७ साली कुणीतरी ऐकायला नेली ती आलीच नाही, कुणी नेली यावरून आमच्या घरी बरीच वर्षं बोलणं व्हायचं. दहा रुपयाला विकत घेऊन आलो. आता दोन प्रश्न. ही इतकी वर्षं कुणाकडं होती ते शोधू का, आणि ही वाजेल का? टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे. बहीण वर्ध्याला असते, ७४ वर्षांची आहे, अजून तिला सांगितलेलं नाही. – धंतोली

उत्तर : अण्णा, घाईनं वाजवू नका, हे आधी. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर इतक्या वर्षांनी सुरू केला तर त्यातला रबरी पट्टा सैल झालेला असतो, चिकटही होतो, आणि कॅसेट आत गुंडाळली जाऊन फीत चुरगळायची भीती. बर्डीवर किंवा इतवारीत जुने टेप दुरुस्त करणारे अजून आहेत, त्यांच्याकडून पट्टा बदलून घ्या, हेड आणि रबरी रोलर स्पिरिटनं पुसून घ्या. मग आधी दुसरी कुठली तरी, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून बघा.

आता ही तुमची. खालच्या बाजूनं बघा, मधोमध एक छोटा नमद्याचा तुकडा असतो, फीत हेडला दाबून धरायला. जुन्या कॅसेटींचा तोच पहिले निखळून पडतो, आणि तो नसला की आवाज बसल्यासारखा येतो. पडलेला असेल तर दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येतो. पाठीवरच्या, म्हणजे फीत दिसते त्याच्या उलट कडेवरच्या, दोन छोट्या प्लास्टिकच्या चकत्या अजून शाबूत असतील तर त्या मोडून टाका म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वरून काही भरलं जाणार नाही, हे विसरू नका, कारण घरी भरलेल्या कॅसेटींच्या चकत्या बहुतेक कुणी मोडलेल्या नसतात. मग पेन्सिल घालून हातानं थोडी फिरवा, फीत मोकळी फिरते का बघा, आणि मशीनवर एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं नेऊन मगच वाजवा. ९० मिनिटांची असेल तर जास्त सांभाळून, तिची फीत ६० च्या कॅसेटपेक्षा पातळ असते. आणि पहिल्यांदा वाजवतानाच कुणा नातवाला सांगून वायरनं कॉम्प्युटरवर भरून घ्या. वसंतरावांची नाट्यगीतं आज फोनवर हवी तेवढी मिळतात, पण तुमच्या ताईंनी भरलेल्या कॅसेटमधे गाण्याच्या मागंपुढं निवेदकाचा आवाज असेल, घाईनं दाबलेल्या बटणाचा खटका असेल, कदाचित स्वयंपाकघरातून कुणीतरी मारलेली हाक असेल. ते बाजारात कुठंच मिळणार नाही.

कुणाकडं होती ते शोधू नका असं मला वाटतं. ज्यानं नेली त्यानं ती टाकली नाही, मोडली नाही, त्यावर दुसरं काही भरलं असेल नसेल ते कळेलच, पण कव्हरवरची चिठ्ठी इतकी वर्षं तशीच राहू दिली. बहुधा त्या घरातलं कुणीतरी गेलं असेल आणि मागच्यांनी खोकं रद्दीत दिलं असेल. त्यांच्या दारात जाऊन जुनं बोलणं काढू नये.

ताईंना मात्र आजच फोन करा, वाजते की नाही हे कळायची वाट बघू नका. आधी फक्त कव्हरवरचं वाचून दाखवा, वसंतरावांचं नाव न घेता, नुसतं दुसरं वाक्य. ओळखतात का बघा. वर्धा काही लांब नाही, कॅसेट रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवा, टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तोही सोबत घ्या आणि पहिलं गाणं त्यांच्याकडेच लावा. काय निघालं ते आम्हाला लिहाल ना?